विश्व परसों झालं

नल्लकुंटा, हैदराबाद
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुला मानसीच्या हातून मिळेल. मानसी म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावर राहायला आलेली पुण्याची मुलगी. संगणकाच्या कंपनीत आहे आणि दोन हजार सालाच्या त्या गोंधळापायी तीही तुमच्या न्यू जर्सीला निघाली आहे. पुण्याची असूनही मनानं चांगली आहे. पत्रासोबत एक कॅसेट देते आहे, पण ती आत्ताच लावू नकोस, आधी पत्र वाच. इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मराठी वाचताना तुला घाम फुटतो हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर सुटं आणि मोठं काढलंय. कुठे अडलास तर मोठ्यानं वाच, डोळ्यांना नाही कळलं तर कानांना कळेल. आणि गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड इथे चालायची नाही. मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे, पण सगळं सांगून झाल्यावरच मागेन.

फोनवर तू विचारतोस, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणते, बरे आहेत. मग लाईनवर नुसता तो समुद्रासारखा आवाज. तर खरं सांगते. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जाऊन येतात. उजवा हात अजून जड आहे. दिवाळीनंतर झटका आला तेव्हा जी वाचा गेली ती गेलीच. तोंडातून एकच शब्द निघतो, तो तू आठ दिवस येऊन गेलास तेव्हा ऐकलाच आहेस: परसों. पाणी हवं, परसों. पंखा बंद कर, परसों. भाजीत मीठ कमी पडलं, परसों, आणि तेही असं तोंड करून की मीठ कमी आहे हे शेजाऱ्यांनाही कळावं. तेहतीस वर्षं वर्गात बोलून बोलून घसा बसवलेला माणूस, आणि आता एका शब्दावर संसार चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं, नंतर कठीण. तीन महिने गेले. माझा सगळा जीव आता एवढ्यातच अडकला आहे, की त्यांनी पुन्हा बोलावं. भांडले तरी चालेल.

या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे, ती तुला कधी सांगितली नाही. लग्न होऊन मी नांदेडकडून इथे आले, तेव्हा महिनाभरातली गोष्ट. मागच्या गल्लीत एक आपा कपडे शिवायच्या. मी ब्लाउजचं कापड घेऊन गेले, तर बोलता बोलता म्हणाल्या, हमारे साहब परसों गुजर गए. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जाऊन दोन दिवस झाले आणि ही बाई मशीन चालवतेय! कापड तिथेच टाकून मी घरी पळाले, पिठलं-भाताचा डबा भरला आणि आपल्याकडे जसा कडू घास नेतात तसा नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, कैकू तकलीफ करे, आणि आवडीनं जेवल्या. मी पदर डोळ्यांना लावून घरी आले आणि तुझ्या बाबांना सांगितलं. बाबांची हसून हसून पुरेवाट झाली. आपांचे साहेब जाऊन अकरा वर्षं झाली होती! मग मला समजावून सांगितलं, की बाई, हैदराबादेत गेलेल्या सगळ्या दिवसांना परसोंच म्हणतात. तू आलीस तेही परसों आणि निजामाचं राज्य गेलं तेही परसों. मी लाजून चूर झाले. पण आपा डबा परत द्यायला आल्या तेव्हा साहेबांना चहात आलं लागायचं, असं सांगताना सारख्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांचं बरोबर आहे, आपलंच पंचांग चुकतंय.

हाच शब्द पुढे तुमच्या गाण्यात आला. गाण्यांचं मला काय कळतं म्हणून तुम्ही बापलेकांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही स्वयंपाकघरातून नाकं मुरडली. बाबांना सिनेमाचं वेड नव्हतं, चालींचं होतं. शाळा सुटली की गौलीगुड्याला बसस्टँडसमोरच्या कॅसेटच्या दुकानापाशी उभे राहायचे. पिशवीतली कोथिंबीर सुकून जायची, पण नवी चाल पाठ झाल्याशिवाय हलायचे नाहीत. घरी येऊन त्या चालीत आकाशगंगा कोंबायचे. नायक-नायिका ज्या चालीवर झाडाभोवती फिरायची त्याच चालीवर यांचे ग्रह सूर्याभोवती फिरायचे. वर्गातली तेलुगू, उर्दू, मराठी सगळी पोरं बाकं बडवून म्हणायची आणि सहामाहीत पास व्हायची. मी म्हणायची, शोभतं का हे मास्तरला? तर म्हणायचे, भजनी मंडळातल्या बायका याच चालीवर विठ्ठल बसवतात, त्याला कुणी हसत नाही, मग गुरुत्वाकर्षणानं काय घोडं मारलंय?

गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात तुमचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. बाबांची पेटी आणि तुझी खंजिरी. प्रश्न बाबा गाणार, उत्तर तू. बाबांनी हात वर केला की तुझी पाळी. तो पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे:

सोडलं ते पडलं, जाऊन जमिनीला भिडलं,
चंद्र पडतोय रोजच, मग घोडं कुठे अडलं?

आणि तू, नाकात बोट घालायच्या वयाचा, खंजिरी आपटून म्हणालास:

पडतो चंद्र, पडतो, पण जमीनच वळते खाली,
पडता पडता, बाबा, त्याची प्रदक्षिणा झाली!

प्रदक्षिणा ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं भजनच आहे, त्यांनी हात जोडले. बाबा मात्र पेटी सोडून तुझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, शाब्बास, ओंक्या. पुढे प्रत्येक उत्तराला हेच म्हणायचे. तू ते उत्तर महिनाभर घरभर म्हणत फिरलास, म्हणून तेवढं एक माझ्या डोक्यात राहिलं. बाकीची गाणी मी प्रसादाच्या ताटामागून अर्धीमुर्धी ऐकली.

मी खरंच काही मानायची नाही रे. पहिल्यांदा केबल आली त्या वर्षीचं आठवतं? गल्लीत वायरींचं जाळं झालं होतं, आणि दिवसातून चार वेळा केबल जायची आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी टीव्ही बंद करायला उठले, तर बाबा म्हणाले, राहू दे. यातल्या शंभरातली एक मुंगी विश्व जन्मलं तेव्हाची आहे. तेव्हाचा उजेड अजून फिरतोय, तोच आपल्या घरात शिरतोय. मी म्हटलं, मग त्याला म्हणावं चपला बाहेर काढ. तू किती हसला होतास! आता दुपारी केबल गेली की मी आणि बाबा शेजारी बसून मुंग्या बघतो. आणि तुला सांगते, परवा अचानक माझ्या अंगावर काटा आला. नल्लकुंट्यातली ही दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात माझं लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ, आणि त्यात सगळ्याच्या आधीचा उजेड येऊन वळवळतोय. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला मी चपला काढायला सांगितल्या होत्या. मी मनातल्या मनात माफी मागितली.

आता ते चौऱ्याण्णव साल. टाळता येणार नाही. त्या वर्षी धूमकेतूचे तुकडे गुरूवर जाऊन आदळले होते, पेपरात रोज फोटो. बाबांना तर उत्सवच. नेमके एकवीस तुकडे, आणि गणपती! म्हणाले, मोदकाचा हिशोब जुळला. मग ते गाणं झालं:

एकवीस धोंडे चालून आले गुरुजींच्या दारी,
पाठीवरचा एकेक वळ पृथ्वीहून भारी!

मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव. निवृत्त हेडमास्तर, अख्खं अंबरपेठ त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि आकाशातही एक गुरू आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पहिल्याच ओळीला उभे राहून ओरडले, की हा समस्त शिक्षकवर्गाचा अपमान आहे, धोंडे मारणाऱ्यांची नावं सांगा! बाबा पेटीवरून समजावतायत की साहेब, ग्रह, ग्रह. आणि मुकुंदरावांना ऐकू आलं ग्रहण, तर म्हणाले, माझ्या कीर्तीला ग्रहण लावणारे तुम्ही कोण? लोक गडाबडा लोळायचे बाकी होते. मागच्या खुर्च्यांवर तुझ्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं शिट्ट्या मारत होती. त्यांना वाटलं, लोक बाबांना हसतायत. तुलाही तेच वाटलं. मी ताट घेऊन बाजूला उभी होते, तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. तशातच बाबांनी शेवटचं गाणं सुरू केलं, विश्व कधी झालं याचं. प्रश्न गाऊन त्यांनी हात वर केला. तू खंजिरी खाली ठेवलीस आणि मांडवातून निघून गेलास.

बाबा हात वर करून थांबले. किती वेळ ते मला सांगता येत नाही. शेवटी पेटी मिटली आणि म्हणाले, चला, आरती करू. घरी आल्यावर तू म्हणालास, लोक जोकर म्हणतात तुम्हाला, माझे दोस्त हसतात. बाबा म्हणाले, बरं. आणि पुन्हा कधी गायले नाहीत. तू अमेरिकेला जाईपर्यंत तुम्ही दोघं घड्याळ, पाऊस आणि पासपोर्ट यापलीकडे बोलला नाहीत. त्यांचं गाणं आपण बंद पाडलं हे तू मनात धरून बसला आहेस, हे मला तू न सांगता कळतं. पण ओंकार, ते तू बंद पाडलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी काढून बसले होते, नेहमीसारखे. मी म्हटलं, पुरे झालं आता, पोराला लाज वाटते, त्याला चारचौघांत मान वर करू द्या. त्यांनी मुकाट्यानं पेटी जुन्या चादरीत बांधली आणि कपाटावर ठेवली. तुला राग होता तो घटकाभराचा, मी मात्र शहाणपणानं बोलले. पाच वर्षं मी मूग गिळून बसले आहे.

आता चांगली बातमी. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी टीव्हीवर एक जुनं गाणं नवा ढोल लावून नाचवत होते. मी तीळ निवडत होते. आणि मागून आवाज आला, सोडलं ते पडलं, जाऊन जमिनीला भिडलं. मी वळून बघते तर बाबा! अख्खा प्रश्न, शब्दन् शब्द, अडलं मधला ड सुद्धा स्वच्छ. ज्या तोंडाला पाणी म्हणता येत नाही त्या तोंडानं चंद्र पाडला! माझं ताट सांडलं. प्रश्न संपला आणि त्यांनी हात वर केला. डावा. गाणं पुढे गेलं आणि हात खाली आला. डॉक्टरीणबाईंकडे धावत गेले. त्या म्हणाल्या, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, त्या वाटेनं कधीकधी शब्द परत येतात, गाऊ द्या, सोबतीनं गा.

दुसऱ्या दिवशी मी चाल गुणगुणून दिली. त्यांनी प्रश्न गायला, हात वर केला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बेसूर का होईना तुझं उत्तर गायले. पडता पडता, बाबा, त्याची प्रदक्षिणा झाली. नवऱ्याला बाबा म्हणताना कशीशीच लाज वाटली. पण ते हसले रे, दोन्ही गालांनी, आणि म्हणाले, शाब्बास, ओंक्या. गाऊन नाही, बोलून. आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, चहा. परसों नाही. चहा. मी चहा ठेवला आणि गच्चीवर कपडे काढायला गेले ती तिथेच उभी राहिले. विद्यानगरच्या बाजूला चंद्र वर आला होता. पंचवीस वर्षं त्या गच्चीवर मी वाळवणं घातली, पण तो पडतोय हे मला त्या दिवशी दिसलं. एवढा मोठा गोळा सारखा पडतोय, आणि चुकूनही आपल्याला सोडून जात नाही. चहा उकळून आटून गेला.

म्हणून मी कपाटावरून गाण्यांची वही काढली, बाकीची उत्तरंही पाठ करावीत म्हणून. बारा गाणी आहेत. डाव्या पानावर बाबांच्या अक्षरात प्रश्न. उजव्या पानावर वर फक्त नाव लिहिलंय, ओंकार, आणि खाली पान कोरं. बाराच्या बारा पानं कोरी. मला वाटायचं, तुझी उत्तरंही तेच लिहून देत असतील. एवढ्याशा पोरानं आपल्या डोक्यानं केली असतील असं कधी मनातच आलं नाही. आता बाबा रोज एक प्रश्न गातात आणि हात वर करून थांबतात, आणि माझ्याकडे द्यायला काही नसतं. आईन्स्टाईनचंही नाही आणि शनीच्या कड्याचंही नाही.

शेवटच्या गाण्याचा प्रश्न असा आहे:

मोहरीहून बारीक होतं, मावत होतं चिमटीत,
फुगत फुगत गेलं सगळं, राहिना कुणाच्या मुठीत;
नव्हतं घड्याळ, नव्हतं पंचांग, नव्हतं कुणी शेजारी,
कधी झालं हे, सांग गड्या, कुणी फुंकली तुतारी?

याचं उत्तर तू मांडवात गायलाच नाहीस. पण तालमीच्या वेळी मी भिंतीपलीकडे होते. तुझ्या चार ओळी दर वेळी माझ्या कुकरच्या शिट्टीत जायच्या, आणि शेवटी तुम्ही दोघं एकदम ओरडायचात आणि हसत सुटायचात. काय ओरडायचात ते मात्र भिंतीतूनही ऐकू यायचं: परसों! म्हणून परवा त्यांनी हात वर केला तेव्हा मी म्हटलं, परसों. त्यांनी पलंगावर थाप मारली, मान हलवली, आणि पुन्हा हात वर केला. आधीच्या चार ओळी आल्याशिवाय ते शब्द घेत नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्याजवळ उरलेला तो एकच शब्द त्यांचा नव्हेच, तो तुझा आहे. राहून गेलेला.

नोव्हेंबरात तू त्यांच्या उशाशी बसला होतास आणि ते तुझा हात धरून परसों, परसों म्हणत होते. तिकडे उत्तरेकडच्या मुलांत राहून तू शुद्ध हिंदीवाला झालास, तुला वाटलं ते विचारतायत, परवा निघणार का. तू म्हणालास, नाही बाबा, रविवारी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तू बाहेर येऊन मला म्हणालास, बाबांना मी गेलेलाच बरा वाटतो. तेव्हा मलाही कळलं नव्हतं, नाहीतर विमानतळावरून परत आणलं असतं. बाबा तुला जा म्हणत नव्हते, राजा. तुझी पाळी आली आहे, एवढंच सांगत होते.

आता कॅसेट लाव. मानसीच्या टेपवर आम्ही ती भरली आहे. बारा प्रश्न आहेत, बाबांच्या आवाजात. प्रत्येक प्रश्नानंतर टेप चालूच ठेवला आहे, तिथे तुला फक्त पंखा ऐकू येईल, रस्त्यावरचा कांदेवाला, एकदा माझा कुकर. त्या सगळ्या वेळात बाबा हात वर करून बसले आहेत. तिथे तुझी उत्तरं भर आणि पाठव, किंवा घेऊन ये. आठवत नसतील तर नवी कर, फक्त शेवटचा शब्द बदलू नकोस. आणि फार वर्षं झाली, आता कसं गायचं, असं म्हणू नकोस. काल मानसीनं विचारलं, ओंकारनं गाणं कधी सोडलं? मी म्हटलं, परसों.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई